पितळेच्या भांड्यांचा ड्रॉवर

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना यशवंतांवर लेख हवा होता. यशवंत माझे पती. फर्निचरचं काम करत. गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. त्यांच्यावर लिहायला मी दोन-तीनदा बसले, पण वाक्य भूतकाळात गेलं की हात थांबतो. ड्रॉवरवर लिहिलं तर चालेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "चालेल. फक्त ज्याला सुतारकाम येत नाही त्यालाही समजेल असं लिहा."

साकोलीला रस्त्याच्या कडेला आमची टिनाची शेड आहे. तिथं यशवंत, मी आणि भोजराज असे तिघं काम करत आलो. भोजराज आमचा कारागीर. तो आला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं, आता त्याची मुलगी कॉलेजात जाते. यशवंत जातीनं सुतार नव्हते. आमच्या दोन्ही घरांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि दोन्ही घरांत शिक्षण म्हणजे नोकरी असंच समीकरण होतं. यशवंतांनी आयटीआयमध्ये सुतारकाम निवडलं तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, "हे कायले शिकून राहिला? खुर्चीवर बसाचं शिक, खुर्च्या बनवाचं नको शिकू." माझे वडील आंधळगावला शिक्षक होते. मी मराठीत एम.ए. केलं, लग्न झालं, नोकरीची वाट पाहिली, आणि ती वाट पाहणं केव्हा संपलं ते माझं मलाही कळलं नाही.

कामात मी आले ती एका कागदामुळे. दहा-बारा वर्षांपूर्वी यशवंतांनी नागपूरहून नव्या प्रकारच्या चॅनेलची जोडी आणली. खोक्यात घडी घातलेला इंग्रजी कागद होता, त्यावर बारीक आकृत्या. त्यांनी तो चुलीपाशी माझ्या हातात दिला. मला ते मास्तरीण म्हणत. "मास्तरीण, हा काय म्हनते पाह्य बरं."

मी वाचला. भाजी करपली. त्या दिवसापासून ड्रॉवर माझ्याकडे आले.

चॅनेल म्हणजे काय ते आधी सांगते. जुन्या टेबलाचा खण लाकडावर लाकूड घासत चालायचा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो अडकायचा, मग कडेला मेणबत्ती घासायची. पुढे ड्रॉवरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आल्या, आत छर्रे. त्या पट्ट्यांना कारागीर चॅनेल म्हणतात. हे बाजूचे चॅनेल मोठ्या मनाचे असतात. ड्रॉवर थोडा लहान झाला तर मागे पत्र्याचा तुकडा सरकवा, थोडा मोठा झाला तर रंधा मारा, ते सगळं सांभाळून घेतात.

नवा चॅनेल ड्रॉवरच्या पोटाखाली बसतो. त्याला अंडरमाउंट म्हणतात. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला तरी तो दिसत नाही, नुसतं लाकूड दिसतं. बंद करताना शेवटचे दोन इंच ड्रॉवर तुमच्या हातून निसटतो आणि स्वतःच्या चालीनं आवाज न करता आत जातो. गिऱ्हाइकाला एवढंच दिसतं आणि एवढंच आवडतं. कारागिराला मात्र तो काहीही माफ करत नाही. ड्रॉवरची आतली रुंदी कपाटाच्या मोकळ्या जागेपेक्षा बरोबर बेचाळीस मिलिमीटरनं कमी हवी. बाजूच्या फळ्या सोळा मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाहीत. तळ खालच्या कडेपासून अर्धा इंच वर धरायचा, कारण त्या पोकळीत चॅनेल बसतो. मागच्या फळीला दोन भोकं, त्यांत चॅनेलचे आकडे शिरतात. पुढे खाली दोन क्लिपा, त्या टक्कन बसल्या पाहिजेत. आणि चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे. कर्णात फरक पडला की ड्रॉवर एका खांद्यानं पुढे चालतो, नाराज माणसासारखा.

आमच्याकडची सगळी मापं इंच आणि सुतात. एका इंचाचे आठ सूत. बेचाळीस मिलिमीटरचं सुतात रूपांतर केलं तर एक इंच पाच सूत आणि वर किंचित उरतं. पहिल्या वर्षी यशवंतांनी आणि भोजराजनं ते किंचित सोडून दिलं. ड्रॉवर डुगडुगले. भोजराज म्हणाला, "चॅनेलच खराब आहे जी." यशवंत म्हणाले, "चॅनेल खराब नाई, आपला सूत जाडा आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांच्या मेझरिंग टेपवरची इंचाची बाजू काळ्या रंगानं रंगवून टाकली. भोजराज महिनाभर त्यांच्याशी धड बोलला नाही.

वजनाची गोष्ट आम्हाला गिऱ्हाइकांनी शिकवली. चॅनेलच्या खोक्यावर तो किती भार झेलेल ते छापलेलं असतं, आणि त्या भारात ड्रॉवरचं स्वतःचं वजनही धरायचं असतं. हे कुणी धरत नाही. सिहोऱ्याला एका घरी आम्ही ओट्याखाली तीन फुटी ड्रॉवर दिला होता, ताटं-वाट्यांसाठी. दिवाळीनंतर बोलावणं आलं, ड्रॉवर खाली खचला म्हणून. जाऊन पाहिलं तर नव्या चिन्नोर तांदळाचं अख्खं पोतं त्यात ओतलेलं. घरात वास इतका गोड की रागावता येईना.

"अवो, हे धान साठवाची ढोली नाई जी, डावर आहे," यशवंत म्हणाले.

घरमालकीण म्हणाली, "मंग एवढा लांब-रुंद कायले केला? आमाले वाटलं धानवाल्याइसाठीच काढला आहे."

यशवंत तिथंच खाली बसून हसले. तिनं शेरभर तांदूळ बांधून दिले. चॅनेल आम्ही आमच्या पदरचे बदलले, कारण सांगायला आम्हीच विसरलो होतो.

त्यांचा एक स्वभाव होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. ते कुणालाही नाही म्हणत नसत. गिऱ्हाइकानं काहीही मागावं, ते म्हणत, "होते जी, काहून नाई होत?" आणि परत येताना गाडीवर, अर्ध्या वाटेत, मान जरा मागे करून मला विचारत, "मास्तरीण, आता सांग, कसं होते थे." मग मी हिशेब मांडायची. बहुतेक वेळा काहीतरी निघायचं. त्यांचा शब्द आणि माझं गणित, अशी आमची शेड चालली. लोकांना शब्द ऐकू येई, गणित मागे शेडमध्ये राही. मला त्याचं वाईट वाटत नसे. मला लोकांशी बोलायचा कंटाळा आहे.

सानगडीचं काम त्यांनी असंच घेतलं. गजाननभाऊ धानाचे शेतकरी, तलावाच्या अंगाला त्यांची जमीन. जुन्या घराच्या बाजूला त्यांनी स्लॅबचं नवं घर बांधलं. त्यांची बायको वर्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिला स्वयंपाकघर ड्रॉवरचं हवं होतं. स्वयंपाकघर ही अशा घरांतली शेवटची खोली, जिथं माझ्या सासऱ्यांच्या पिढीला पाय ठेवता आला नसता. यशवंत म्हणायचे, "बैठकीत कोनी बी बसवते. आपन चुलीपासूनच सुरू करू." पण त्या घरी तशी काही अडचण आली नाही. चहा सगळ्यांना एकाच ट्रेमधून आला.

त्या घरात गजाननभाऊंच्या वडिलांची बहीण राहते, मनूआत्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण रोजचा स्वयंपाक अजून तिचाच. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीनं माहेरी आणून सोडलं. गाडीत तिच्यासोबत तिच्या लग्नातली पितळेची भांडी होती. दुसरं काही आलं नाही. भंडाऱ्याच्या कासारांनी घडवलेली ती जाड, वजनदार भांडी: पाण्याचा उंच गुंड, कळशा, भात शिजवायचे गंज, परात, तशीच पसरट कोपर. प्रत्येकावर सासरचं नाव कोरलेलं, सुशीला. माहेरी परत आल्यावर ती पुन्हा मनू झाली.

यशवंतांनी पहिल्याच दिवशी एक गंज उचलून नाव वाचलं आणि विचारलं, "सुशीलाबाई कोन जी घरात?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. चुलीपाशी बसलेली आत्या म्हणाली, "मीच थे."

दिवसभर मग ते तिला सुशीलाबाई म्हणत राहिले. पाणी द्या सुशीलाबाई, सरका जरा सुशीलाबाई. ती आधी लाजली, मग रागावली, मग हसली. संध्याकाळी आम्ही निघताना तिनं त्यांना दारात गाठलं. वर्षानं तिला सांगून ठेवलं होतं की नव्या घरात जागा कमी, मावेल तेवढं पितळ ठेवू, बाकीचं मोडीत देऊ.

"भाऊ, तुमच्या या नव्या कपाटात माहे भांडे मावतीन का?"

"मावतीन ना."

"शोभेसाठी नको मले. वापराले पायजे. खाली वाकून काढता येत नाई आता, गुडघे धरतात. तुमचा खन बाहेर येते म्हनतात, हाताशी."

"येते. सगळेच्या सगळे मावतीन. तुमचं एक बी भांडं बाहेर राहनार नाई, सुशीलाबाई. राह्यलं तर मले बोला."

मी तिथंच टेप गुंडाळत उभी होते. परतीच्या वाटेवर त्यांनी मान मागे केली. "मास्तरीण, आता सांग, कसे मावतीन." मी म्हणाले, "घरी गेल्यावर पाहू." थंडी होती, मला बोलायचं नव्हतं. त्या आठवड्यात लाखनीचं एक काम संपवायचं होतं, पाहायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात ते गेले.

महिना-दीड महिना शेड बंद होती. गजाननभाऊंनी निरोप पाठवला की घाई नाही. भोजराज रोज येऊन कुलूप पाहून जायचा. एक दिवस त्यानं विचारलं, "बाई, सानगडीचं सोडून देऊ काय? त्याइले दुसरा कोनी भेटन." मी त्याला किल्ली दिली. त्यानं कुलूप काढलं.

होळीनंतर आम्ही दोघं सानगडीला गेलो. कपाटं भोजराजनं बसवली. ओट्याखालच्या तीन फुटी जागेत एक खोल ड्रॉवर ठरला होता, तो पितळेचा. गजाननभाऊंनी चॅनेल आधीच आणून ठेवले होते, हलके, ताटांपुरते. मी आत्याला म्हणाले, भांडी एकदा पाहू द्या.

तिनं अंगणात चटईवर ती मांडली. मला वाटलं होतं त्याहून पुष्कळ होती. चिंचेनं घासलेली, उन्हात डोळ्यांना त्रास व्हावा अशी. मी एक-एक उचलून पाहिलं. हातांना एवढी सवय झालेली आहे की काट्याची गरज पडत नाही. अर्ध्यावरच माझ्या लक्षात आलं की चॅनेलवर छापलेल्या आकड्याच्या दुपटीहून हे जास्त आहे.

गजाननभाऊ मदतीला धावले. "वहिनी, धानाचा काटा आहे ना आपल्याजवळ. टाका त्यावर, नक्की कळन."

त्यांनी काटा आणलाही. कळशी उचलायला हात पुढे केला आणि आत्या उठून उभी राहिली. "काट्यावर कायले ठेवतो रे? आत्ताच मोडीत देऊन राहिला का?"

"अवो आत्या, नुसतं वजन पाहाचं आहे."

"वजन मोडीचं पाहतात. वापराच्या भांड्याचं वजन कोनी पाह्यते का?"

"अवो, पन..."

"तुहं करतो का मंग? बस त्यावर."

भोजराजला हसू आवरेना, तो पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. मी काटा बाजूला ठेवायला सांगितला. ती बरोबर बोलत होती. आमच्या भागात पितळ काट्यावर चढतं ते एकदाच, दुकानात, घरातून कायमचं जाताना.

वर्षा मला आत घेऊन गेली. ती वाईट बाई नाही. दमलेली आहे. "मॅडम, तुम्हीच सांगा तिला. घासनार कोन हे सगळं? तिचे हात चालत नाहीत आता, रात्री बोटं दाबून बसते. मी शाळेतून येते, पेपर तपासते. स्टीलमध्ये काय बिघडते?" तिचंही बरोबर होतं. मग ती म्हणाली, "पण मोडीत दे असं माझ्या तोंडानं मी तिला किती वेळा म्हणू? तुमचा ड्रॉवर म्हणेल तर ती ऐकेल."

म्हणजे सांगायचं माझ्याकडे आलं. परत अंगणात आले तर आत्या भांडी पुसत होती. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, "तुह्या मानसानं सगळे मावतीन म्हनलं होतं. म्हनून मी चिंच लावून ठेवली."

मी म्हणाले, "पाहते."

घरी आले आणि तीन रात्री त्या तीन फुटांशी बसले. यशवंतांच्या शब्दासाठी मी आजवर जेवढे हिशेब केले त्यांत हा एकच असा होता, की तो चुकला तर त्यांना हसून सांगता येणार नव्हतं. एका ड्रॉवरला एकच जोडी चॅनेल लागते, मग ड्रॉवर कितीही मोठा असो. दोन ड्रॉवर केले तर भार दोन जोड्यांवर वाटला जातो. शेजारी शेजारी दोन अरुंद केले तर परात आणि कोपर जात नाहीत. वरखाली दोन केले तर गुंड उभा राहत नाही, जोवर शेजारच्या कपाटातली जागा मिळत नाही. ती जागा वर्षाच्या डब्यांच्या ड्रॉवरची होती. मी तिला फोन केला. ती म्हणाली, "घ्या माझा एक खण. पण मॅडम, यानंतर नाही." मग वर पसरट ड्रॉवर परातीसाठी, खाली खोल ड्रॉवर गंज-कळशांसाठी, शेजारी उंच गुंडाचा, असे तीन झाले. भोजराज नागपूरहून मिळतील ते सर्वांत भारी चॅनेल घेऊन आला. तळाला जाड प्लाय टाकला, खालून आडव्या पट्ट्या दिल्या. पट्ट्यांनी ड्रॉवरचं स्वतःचं वजन वाढलं, ते मी धरलं. तरीही हिशेब पुरत नव्हता. थोडा कमी पडत होता. किती ते मी भोजराजलाही सांगितलं नाही.

ड्रॉवर बसवायच्या दिवशी उष्मा फार होता. नवं घर, पंखे लागायचे होते. तिन्ही ड्रॉवर एकेक करून चॅनेलवर टेकवले, आत सरकवले. क्लिपा बसल्या. वरची फट आणि खालची फट सारखी करायला क्लिपेजवळ एक छोटं चाक असतं, ते बोटानं फिरवायचं. हे काम नेहमी यशवंत माझ्यासाठी मोबाईलचा उजेड धरून बसत तेव्हा मी करायची. भोजराजनं न सांगता उजेड धरला.

आत्या स्टुलावर बसून पाहत होती. तिनं रिकामा ड्रॉवर ओढला, खाली वाकायचा प्रयत्न केला. "याचे चाकं कुठी आहेत?"

"खाली आहेत आत्याबाई. दिसत नाहीत."

"मंग हा कोनाच्या भरोशावर चालते?"

भोजराज म्हणाला, "बाईच्या."

"तू चूप रे," ती म्हणाली, पण खूश झाली. तिनं ड्रॉवर लोटला. शेवटच्या दोन इंचांवर तो तिच्या हातून सुटला आणि आपण होऊन आत गेला. तिनं पुन्हा उघडला, पुन्हा सोडला. मग आवाज दिला, "आना माहे भांडे."

भांडी तिनं स्वतः लावली. गजाननभाऊ आणून देत, ती हातात घेऊन फिरवून पाही, पदरानं पुसून ठेवी. वरच्या ड्रॉवरमध्ये परात, कोपर, ताटल्या गेल्या. तो ड्रॉवर चालला. उंच ड्रॉवरमध्ये गुंड गेला, तोही चालला. खालचा खोल ड्रॉवर अर्धा भरला तोवर ठीक होता. मग मोठे गंज आले, एकात एक घातलेले, मग कळशा. मी तिच्या हातांकडे पाहत नव्हते. मी दर्शनी फळीच्या खालच्या फटीकडे पाहत होते. ती बारीक होत चालली होती.

सगळं ठेवून झालं. तिनं ड्रॉवर लोटला. तो आला, दोन इंचांवर थांबला, आणि थांबूनच राहिला.

तिनं हातानं दाबला. तो गेला, पण जाताना खालून घासल्याचा आवाज आला. उघडला, पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच थांबला.

गजाननभाऊ म्हणाले, "होऊ द्या ना वहिनी. थोडा हातानं ढकलून घेईन आत्या. त्यात काय?"

सगळ्यांची नजर माझ्याकडे आली. एक शब्द बोलायचा होता: चालेल. यशवंत असते तर तोच बोलले असते आणि मग रस्त्यात मान मागे केली असती. माझ्यापुढे रस्ता होता, पण गाडीवर पुढे बसून विचारणारं कुणी नव्हतं. मला माहीत होतं की आज हा ड्रॉवर दाबून बंद होईल, पावसाळ्यात जास्त दाबावा लागेल, आणि एक दिवस चॅनेल वाकून सगळं पितळ तिच्या पायांवर येईल, कारण तो उघडणारी तीच आहे.

मी म्हणाले, "नाही भाऊ. हा एवढं झेलणार नाही." मग तिच्याकडे वळले. "आत्याबाई, यांनी तुम्हाला जे सांगितलं होतं ना, ते..."

"थांब," ती म्हणाली.

मी थांबले. ते गेल्यापासून त्यांच्याविषयी चांगलंच बोललं जात होतं, आणि त्यांचं काही चुकलं असं सांगणारी पहिली मी ठरणार होते.

ती स्टूल ओढून ड्रॉवरजवळ बसली. आतून एक गंज काढला आणि जमिनीवर ठेवला. ड्रॉवर लोटला. तो थांबला. दुसरा गंज काढला, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, ठेवला. लोटला. तो थांबला. वर्षा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आत्या, राहू द्या, मी वर माळ्यावर ठेवीन ना."

"माळ्यावर कोन चढते? तू चढशीन?"

मग तिनं मोठी कळशी काढली. ती काढायला तिला दोन्ही हात लागले. गजाननभाऊ पुढे आले, तिनं कोपरानं त्यांना बाजूला केलं. कळशी मांडीवर घेऊन ती जरा वेळ बसली. आत काही लागलं असेल ते बोटांनी पुसलं. "पानी आता नळाले येते," ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली, आणि कळशी खाली ठेवली.

ड्रॉवर लोटला. दोन इंचांवर तो अडखळल्यासारखा झाला, आणि मग आत गेला. अगदी हळू, पण आपला आपण.

तिनं खात्री करायला पुन्हा उघडला. पुन्हा गेला. फट मी पाहिली, सरळ होती.

"मावले," आत्या म्हणाली.

गजाननभाऊ भोळे आहेत. ते म्हणाले, "आत्या, हे तीन बाहेर राह्यले ना पन."

"ते माहे नाईत."

"अवो, नाव आहे ना त्यावर तुहं."

"मी सांगून राहिली ना तुले, ते माहे नाईत. घेऊन जा, मोडीत दे, नाई तर कोनाले देऊन टाक. जे माहे होते ते मावले." मग तिनं माझ्याकडे मान वळवली. एवढ्या महिन्यांत लोक माझ्याकडे पाहताना जरा बाजूला पाहतात. ती सरळ पाहत होती. "बाई, तुह्या मानसानं म्हनलं होतं, एक बी बाहेर राहनार नाई. राह्यलं का?"

तीन भांडी जमिनीवर होती, तिच्या स्टुलाच्या आणि माझ्या पायांच्या मध्ये. मी आयुष्यभर मापात खोटं बोलले नाही.

मी म्हणाले, "नाही, आत्याबाई. एकही राहिलं नाही."